पीक विम्याच्या मेलमधल्या लिंकवर पासवर्ड टाकला, आता काय काय तपासायचं?

बांधावरचा_लातूर
मंडळी, "विम्याची रक्कम अडकली, २४ तासांत केवायसी करा" असे मेल गावात बऱ्याच जणांना यायलेत. लिंक उघडली की हुबेहूब जीमेलचं पान, वर पत्त्याशेजारी कुलूप बी. शेजाऱ्यानं पासवर्ड टाकला, मागून आलेला ओटीपी पण टाकला. नुसता पासवर्ड बदलून भागतं का?

तारजोडणी_परभणी
नाही भागत. खोटं पान तुम्ही टाकलेलं सगळं त्याच मिनिटाला खऱ्या गुगलवर टाकतं, म्हणून ओटीपीसुद्धा चोराच्या कामी येतो.

मेलमधल्या लिंकला पुन्हा हात न लावता गुगल खातं स्वतः उघडा आणि पासवर्ड बदला. मग 'सुरक्षा'मध्ये अनोळखी डिव्हाइस साइन आउट करा. रिकव्हरीचा, म्हणजे खातं परत मिळवायला दिलेला, फोन नंबर आणि ईमेल आपलाच आहे ना, तेही बघा. तिथं चोराचा नंबर राहिला तर तो उद्या परत आत.

आता बहुतेक जण विसरतात ती जागा. जीमेल ब्राउझरमध्ये उघडा, सर्व सेटिंग्जमध्ये 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर' हे दोन्ही टॅब वाचा. मेलची नक्कल दुसऱ्या पत्त्यावर जात असेल तर पासवर्ड बदलूनही ती जातच राहते. फिल्टर तर त्याहून बेरका: बँकेचे मेल परस्पर कचऱ्यात टाकतो, म्हणजे इशारा आलेला कळतच नाही. तोच पासवर्ड आणखी कुठं वापरला असेल तर तिथंही बदला.

जुना_मॉडेम
कुलपाचा अर्थ एवढाच की मधल्या वाटेत कुणी वाचत नाही. पलीकडं कोण बसलंय ते कुलूप सांगत नाही. चोरालाही ते फुकट मिळतं. क्रोमनं २०२३ मध्ये ते चिन्ह काढलं ते उगाच नाही.

पत्ता उजवीकडून वाचा. 'पीएमएफबीवाय डॉट गव्ह डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट टॉप' यात सुरुवातीला पीक विमा योजनेचं सरकारी नाव दिसलं तरी मालक अमुकतमुक, सरकार नव्हे. मोबाइलवर लांब पत्ता अर्धाच दिसतो, वरच्या पत्त्याच्या पट्टीवर बोट ठेवून तो पूर्ण वाचा. आणि मुळात पीक विम्याला जीमेलचा पासवर्ड लागतोच कशाला?

बांधावरचा_लातूर
कम्प्युटर नाही घरी. सेवा केंद्रात जाऊन केलं तर?

तारजोडणी_परभणी
दादा, नको. तिथल्या मशीनवर टाइप केलेलं नोंदवणारं काही बसवलं असेल तर नवा पासवर्डही गेला. फोनच्या क्रोममध्ये 'डेस्कटॉप साइट' लावा, किचकट आहे पण होतं.

हे झालं की त्याच फोनवर पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी किल्ली, करून घ्या. बोटाच्या ठशानं उघडते आणि खऱ्या गुगलच्या पत्त्यावरच चालते, खोट्या पानाला काही हाती लागत नाही. फोन हाताशी नसला तर आत जायला गुगलचे १० बॅकअप कोड मिळतात, ते कागदावर उतरवून सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवा. फोटो काढून फोनमध्ये नको.

जुना_मॉडेम
खात्यातून पैसे गेले असतील तर हे सगळं नंतर, आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा आणि बँकेला कळवा. रक्कम पुढं सरकायच्या आत गोठवता आली तरच उपयोग.