गणेशची शनिवारची सुट्टी

सावंत, सेक्रेटरी (बी-२०३): वॉचमन गणेश शनिवारी नसेल. मुलीला मुंबईला न्यायचंय, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला. शाळेत डॉक्टर आले होते, त्यांना छातीत वेगळा आवाज ऐकू आला. गेटचं काय करायचं ते सांगा.

जोशी काका (ए-१०१): जिल्हा परिषदेच्या शाळेत डॉक्टर? आमच्या नातवाच्या शाळेत मेडिकल फी घेतात आणि उंची-वजन लिहून मोकळे.

डॉ. मृणाल (सी-४०२): काका, ती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी. २०१३ च्या फेब्रुवारीत देशभरासाठी हे सुरू झालं तेच आपल्या पालघरमधून. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक फार्मासिस्ट, एक नर्स. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी आणि अनुदानित शाळेत एकदा. जन्मजात व्यंग, आजार, जीवनसत्त्वांची कमतरता, वाढीतला उशीर असं सगळं १८ वर्षांपर्यंत बघतात. काही सापडलं तर पुढचे उपचार मोफत, ऑपरेशनसुद्धा. विनाअनुदानित शाळा त्यात नाही, म्हणून नातवाकडे गाडी गेली नाही.

निखिल (बी-५०१): म्हणजे फी भरणारे आपण कोरडेच 😀

पाटील मॅडम (ए-३०४): गणेशची पोर माझ्याच वर्गात आहे. खो-खोत दोन फेऱ्या मारल्या की खाली बसायची. मी तिला "आळशी गोळा" म्हणायचे. परवापासून तो शब्द डोक्यातून जात नाही.

सावंत: मॅडम, तुम्हाला कसं कळणार?

पाटील मॅडम: कळलं नाही खरं. पण त्याच दिवशी अजून एक झालं. सातवीतली एक मुलगी दिवाळीनंतर वर्गात बोलतच नाही. डबा तसाच परत नेते. पथकाने तिचंही वजन, डोळे, दात, सगळं बघितलं. कार्डावर लिहिलंय, निरोगी.

जोशी काका: आमच्या वेळी एक ठेवून दिली की

जोशी काका: हा मेसेज डिलीट केला आहे

डॉ. मृणाल: वाचला काका 🙂 निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या साधारण ७ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला होता. मॅडमच्या शाळेतली ही एकटी नसणार.

निखिल: मग त्याच गाडीत एक समुपदेशक बसवा की. डिझेल तेवढंच.

पाटील मॅडम: निखिल, वर्षातून एकदा येणाऱ्या माणसाला मूल काय सांगेल? किडलेला दात आ करून दाखवता येतो. घरी काय चाललंय हे सांगायला तेच तेच तोंड चार वेळा दिसावं लागतं.

निखिल: पण सुप्रीम कोर्टाने गेल्या वर्षी, जुलै २०२५ ला, शाळा-कॉलेजांत समुपदेशक हवाच असं सांगितलंय ना?

पाटील मॅडम: १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे. आमचा पट ८६. लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी संपर्क ठेवायचा. तो बाहेरचा तज्ज्ञ तालुक्यात कुठे बसतो, ते विचारू नका.

सावंत: आयुष्मान भारतमध्ये शाळेत मुलांच्या आरोग्यासाठी दोन शिक्षक नेमलेत असं वाचलं होतं.

पाटील मॅडम: त्यातली एक मीच. हेल्थ अँबेसेडर! प्रशिक्षण चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. पण पोषण आहाराची नोंद, जंताच्या गोळ्या, मतदार यादी, सगळं करून मुलीला बाजूला घ्यायचं कुठे? शाळेत मोकळी खोली एकच, तिथे तांदळाची पोती. मला विचाराल तर प्रत्येक शाळेला नको, आजूबाजूच्या शाळांचं मिळून जे केंद्र असतं, त्याला एक पगारी समुपदेशक द्या. सोमवारी एक शाळा, मंगळवारी दुसरी. आईबापांना मजुरी बुडवून शहरात जावं लागणार नाही.

जोशी काका: पगार कोण देणार? आपल्याच टॅक्समधून ना?

डॉ. मृणाल: हो काका. आत्ताची गाडीही त्यातूनच चालते, ६० पैसे केंद्राचे, ४० राज्याचे. गणेशच्या मुलीचं चौथीत सापडलं. पंचविशीत धाप लागून सापडलं असतं तर खर्चही वाढला असता आणि कदाचित उशीरही झाला असता.

जोशी काका: खर्चाला नाही म्हणत नाही. माणूस खरंच येतो का, हे कोण बघणार, एवढंच.

पाटील मॅडम: शाळा व्यवस्थापन समिती. त्यात बहुतेक पालकच असतात. सोमवारी बैठक आहे, ठराव मांडते. तोवर त्या मुलीच्या आईला टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर दिलाय, १४४१६. मराठीत बोलता येतं. पण फोन बापाकडे असतो.

सावंत: विषय मोठा आहे. पण गेट?

जोशी काका: सकाळी ८ ते १२ मी बसतो. टँकरवाल्याला मात्र मी सही देणार नाही.

डॉ. मृणाल: गणेशला सांगा, पथकाने दिलेली चिठ्ठी आणि आधार विसरू नको. रेशनकार्डही घे, पुढे लागलं तर महात्मा फुले योजनेतल्या मोफत उपचारांसाठी. मुलीचं नाव आहे ना त्यावर?

सावंत: विचारलं आत्ता. गावच्या कार्डावर आहे, आजोबांबरोबर. कार्ड गावी.

डॉ. मृणाल: इकोसाठी त्यावाचून अडू नये. गावाहून फोटो मागवा, मूळ कार्ड नंतर.

निखिल: स्टेशनला मी सोडतो. पहिली गाडी किती वाजता?