मदत हवी आहे: दोन बॅगा कपडे नेले, दुकानाने घेतले चार

चिमणीचं_घर
तातडीचं आहे म्हणून थेट मुद्द्यावर येते. जुने कपडे विकत घेणाऱ्या दुकानात शनिवारी दोन मोठ्या बॅगा घेऊन गेले. पाऊण तास रांग. काउंटरवरच्या मुलीने (जेमतेम विशीची, नाकात रिंग) पत्ते पिसावेत तसे सगळे कपडे चाळले आणि साठेक कपड्यांतले चार बाजूला काढले. बाकी म्हणे "आत्ता नको". चारांचे मिळून रोख १९ किंवा क्रेडिट ३८. अहो, एकेक कपडा ५०-६० ला घेतलेला आहे! दोनतीन तर लेबलसकट. मी चिडून काहीच न देता परत आले. हे असंच असतं का? नीट भाव कुठे मिळेल? लवकर सांगा, वेळ नाहीये.

तुळशीबागेतली_ठकी
१९ रुपये?? आणि ५०-६० ला कपडे मिळतात तरी कुठे, पत्ता द्या! आमच्या सोसायटीत बोहारीण येते. चार साड्या नि दोन पँटींवर झाकणाचा स्टीलचा डबा काढून घेतला गेल्या महिन्यात. ती आधी चहाची गाळणी दाखवते. तिथे हुरळायचं नाही. "राहू दे, पुढच्या वेळी बघू" म्हणून दार लोटायला लागलं की टोपलीच्या तळातून डबा वर येतो.

मुद्दे_सूद
धागाकर्त्या ताई, देश कोणता, शहर कोणतं, दुकान कोणतं, कपडे कोणाचे (बायकांचे, पुरुषांचे, मुलांचे), किती जुने, घाई कशाची, यातलं काहीच लिहिलेलं नाही. अशाने लोक डबे-गाळण्या सुचवणार.

चिमणीचं_घर
सनीवेल, कॅलिफोर्निया. डॉलर हो! मला वाटलं क्रेडिट म्हटल्यावर कळेल. दुकानाचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. कपडे आम्हा सगळ्यांचे. चांगले आहेत, धुतलेले, इस्त्री केलेले.

बंड्या_बे_एरिया
ताई, भाव बरोबरच आहे, तुमची अपेक्षा चुकतेय. इथे 'बाय-सेल-ट्रेड' म्हणतात ती दुकानं तुम्ही कितीला घेतलं हे बघत नाहीत. आपल्या दुकानात कितीला खपेल ते बघतात आणि त्या किमतीचे साधारण २५ ते ३० टक्के रोख किंवा ५० टक्के क्रेडिट, म्हणजे त्याच दुकानात खरेदी करायला, देतात. १९ आणि ३८ म्हणजे तुमच्या चार कपड्यांवर ते मिळून ७६ ची चिठ्ठी लावणार. दुकानाचं भाडं, पगार, न खपलेला माल, सगळं उरलेल्यातून. ही पद्धत आजची नाही. ॲरिझोनातल्या ट्यूसॉनमध्ये अशा दुकानांची साखळी बफेलो एक्स्चेंज १९७४ साली सुरू झाली, आपल्याकडे बर्कलीत क्रॉसरोड्स १९९१ मध्ये. तुम्ही त्यांना गिऱ्हाईक म्हणून दिसत नाही, पुरवठादार म्हणून दिसता.
आता सांगा, चार कोणते घेतले?

चिमणीचं_घर
तेच तर! नवऱ्याचं १९९८ चं डेनिमचं जॅकेट, कोपरावर विरलेलं, मी तीनदा फेकायला काढलेलं. ते घेतलं. त्याच्याच दोन जीन्स आणि माझा एक काळा टॉप. आणि माझा नवाकोरा फुलाफुलांचा ड्रेस परत! सात लोकरी कोट परत, दोन पफर जॅकेटं परत, मुलीचे फ्रॉक परत, कुडते तर तिने उघडलेसुद्धा नाहीत.

बंड्या_बे_एरिया
मे महिन्यात, सनीवेलात, सात लोकरी कोट?

चिमणीचं_घर
आम्ही आधी मिनेसोटात होतो ना.

मुद्दे_सूद
हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं.

कपाट_मोकळं
मी दर वर्षी दोनदा विकते, माझा अनुभव ऐका. एक, ही दुकानं मोसमाच्या किंचित पुढे चालतात. उन्हाळ्याचे कपडे मार्च-एप्रिलमध्ये न्या, कोट ऑगस्टअखेर. मेमध्ये कोट म्हणजे आषाढात आंबे. दोन, बहुतेक ठिकाणी लहान मुलांचे कपडे घेतच नाहीत, त्यांची दुकानं वेगळी असतात. तीन, साठ कपडे एकदम ओतायचे नाहीत. मोजके वीस, हँगरवर असल्यासारखे घडी घालून, गुंडी-चेन चालू आहे का बघून, काखेत डाग नाहीत याची खात्री करून. पहिले चारपाच कपडे मळकट निघाले की बघणाऱ्याचा हात पुढे भराभर चालतो. आणि डेनिमचं जॅकेट घेणारच हो, पंचवीस वर्षं जुनं म्हणजे आता 'व्हिंटेज'. विरलेलं कोपर हा दोष धरत नाहीत, उलट तेच हवं असतं.
अजून एक, फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र लागतं. माझी मुलगी सतरा वर्षांची असताना एकटी गेली होती, तिला परत पाठवलं.

गणित_मास्तर
सगळे मूळ प्रश्न सोडून बोलताय. क्रेडिट घ्या! १९ च्या जागी ३८, म्हणजे सरळ दुप्पट. रोख घेणं हा शुद्ध वेडेपणा.

मितव्ययी_मावशी
मास्तर, क्रेडिट घेऊन ती करणार काय? परत कपडेच आणणार. कपाट मोकळं करायला निघालेली बाई ३८ डॉलरचा नवा पसारा घेऊन येईल. मी हे स्वतः केलंय, म्हणून सांगते. चामड्याची एक पर्स, जी आजतागायत वापरली नाही.

गणित_मास्तर
ती तुमची चूक, गणिताची नव्हे.

मितव्ययी_मावशी
गणितात पर्सला जागा लागत नाही, कपाटात लागते.

दानशूर_नाही
तुम्ही दोघं भांडा. ताई, सगळं गुडविलला (जुन्या वस्तू दान घेणारी संस्था) द्या, पावती घ्या आणि करात वजावट घ्या. सात कोट, पफर, ड्रेस... सहज ४०० डॉलर दाखवता येतील. रांगही नाही, नाकात रिंगवाली पोरही नाही.

बंड्या_बे_एरिया
अर्धवट माहिती. वस्तूंच्या दानाची वजावट 'आयटमाइझ' करणाऱ्यांनाच, म्हणजे एकेक खर्च वेगळा दाखवणाऱ्यांनाच मिळते. घरकर्ज नसलेल्या भाडेकरू जोडप्याची आयटमाइझची बेरीज स्टँडर्ड डिडक्शनच्या (सरसकट मिळणाऱ्या ठरावीक वजावटीच्या) पुढे क्वचितच जाते. २०२४ साठी नवराबायको मिळून ते २९,२०० होतं. शिवाय कपडे निदान चांगल्या वापरण्याजोग्या स्थितीत हवेत, आणि वस्तूंचं एकूण दान ५०० च्या वर गेलं की फॉर्म ८२८३ भरावा लागतो. द्यायचं तर द्या, पण करासाठी नको.

दानशूर_नाही
आमच्या सीएने तर असं काही सांगितलं नव्हतं.

बंड्या_बे_एरिया
सीए पुण्यातला आहे का?

दानशूर_नाही
बारामतीचा. पण हुशार आहे.

रेशीमकिडा
ताई, "कुडते उघडलेसुद्धा नाहीत" वाचून शंका आली. बॅगेत साड्या नाहीत ना? असतील तर तिकडच्या दुकानात नेऊ नका.

चिमणीचं_घर
आहेत. दुसऱ्या बॅगेत तळाशी अकरा. त्यातली एक आजेसासूबाईंची पैठणी आहे, पदराच्या घडीवर चिरत चाललीय. काउंटरपर्यंत बाहेर काढल्याच नव्हत्या. इंटरनेटवर विकू का? एका मैत्रिणीने पॉशमार्क सांगितलंय.

रेशीमकिडा
थांबा! आजेसासूबाईंची म्हणजे काठ-पदराची जर खरी असण्याची शक्यता आहे. खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा. आता बहुतेक साड्यांत 'टेस्टेड' जर येते, तांब्याच्या तारेवर चांदीचा हात, नाहीतर सरळ प्लॅस्टिकची. खरी असेल तर तिला वजनावर भाव आहे. जुने काठ-पदर घेणारे ते जाळून चांदी काढतात.

सराफी_कट्टा
घरच्या घरी बघायचं तर काठाचा एखादा सुटा धागा काढून कसोटीच्या दगडावर घासा. तांब्याचा लालसर रंग आला की टेस्टेड. आणि रेशीम खरं की खोटं हे बघायला एक धागा जाळा, केस जळल्यासारखा वास आला पाहिजे.

तुळशीबागेतली_ठकी
अहो जाळा काय जाळा! पैठणी आहे की लाकडाची मोळी?

सराफी_कट्टा
एक धागा म्हटलंय मी. एक.

रेशीमकिडा
आणि सगळी साडी आटवायला देऊ नका. रेशीम चिरलं असलं तरी काठ धड असतील. काठ-पदर काढून दुसऱ्या कापडावर लावून देणारे पुण्यात आहेत, येवल्यातही विणकरांकडे विचारता येईल. आटवलेल्या चांदीचे पैसे आठवड्यात संपतील.

हळदीकुंकू७
रेशमावर तेलाचा डाग पडला तर लगेच टाल्कम पावडर दाबून रात्रभर ठेवा. पाणी लावू नका. दुसऱ्या दिवशी मऊ ब्रशने झटका. माझ्या गर्भरेशमीवरचा वरणाचा डाग असाच गेला.

मुद्दे_सूद
डागाबद्दल कोणी विचारलं?

हळदीकुंकू७
कोणीतरी विचारेल.

कपाट_मोकळं
पॉशमार्कबद्दल: तिथे पैसे जास्त मिळतात, वेळही जास्त लागतो. १५ डॉलरच्या आतल्या विक्रीवर ते २.९५ कापतात, त्यापुढच्या विक्रीवर २० टक्के. फोटो काढा, मापं लिहा, "कमीत कमी किती" विचारणाऱ्यांना उत्तरं द्या, खोक्यात घालून पोस्टात नेऊन द्या. माझा एक कोट सात महिने पडून होता. तुमचे कोट तिथे मिनेसोटातलं कोणीतरी घेईल, पण ऑक्टोबरात. तुम्हाला थांबता येईल का? घाई कशाची ते अजून सांगितलंच नाहीत.

चिमणीचं_घर
अगं, आम्ही कायमचे पुण्याला परत चाललोय. एकोणतीस तारखेला विमान. फ्लॅट अठ्ठावीसला रिकामा करून द्यायचाय.

मुद्दे_सूद
मी काही बोलत नाही.

मितव्ययी_मावशी
मास्तर, आता बोला. क्रेडिट!

गणित_मास्तर
ही माहिती आधी दिलेली नव्हती. या परिस्थितीत रोख. तरी क्रेडिट घेऊन तिथूनच विमानात घालायला कोणाला भेट म्हणून...

मितव्ययी_मावशी
पर्स घ्या म्हणाल.

बंड्या_बे_एरिया
मग सोपं आहे. ताई, असं करा. उद्याच, मंगळवार-बुधवार सकाळी, शनिवारी नको, तीच दुकानं. जॅकेट, जीन्स, टॉप आणि उन्हाळ्याचं जे असेल तेवढंच न्या, रोख घ्या. एका दुकानाने नाकारलेलं दुसरीकडे खपतं, प्रत्येकाचं गिऱ्हाईक वेगळं. फुलाफुलांचा ड्रेस कॉलेजच्या आसपासच्या दुकानात दाखवून बघा. मुलीचे फ्रॉक मुलांच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात. कोट कोणी घेतले तर ठीक, नाहीतर दान, वजावटीची आशा न धरता. साड्या माणशी तेवीस किलोच्या दोन बॅगांत घालून पुण्याला. पुण्यात पफर जॅकेट मात्र नेऊ नका, आमच्या मातोश्रींनी ते गोधडी म्हणून अंथरलं.

पानिपतचा_पेशवा
दान केलेल्या कपड्यांचं पुढे काय होतं माहीत आहे का? न खपलेले गठ्ठ्यांनी परदेशी जातात. लोकरीचे जुने कपडे आपल्या पानिपतला येतात, तिथे फाडून, पिंजून, पुन्हा सूत काढून ब्लँकेटं करतात. तेव्हा ताई, तुमचा कोट ब्लँकेट होऊन तुमच्याआधी भारतात पोचेल.

तुळशीबागेतली_ठकी
आयडी बघून वाटलं आता १७६१ निघणार.

पानिपतचा_पेशवा
विषय निघाला की काढतोच, पण आज नाही.

चिमणीचं_घर
अपडेट. बुधवारी सकाळी गेले, रांग नव्हती. तीच मुलगी. या वेळी अठरा कपडे नेले, तिने सात घेतले, रोख ३४. जॅकेट परत दाखवलं तर तिनेच ओळखलं, म्हणाली "परत आणलंस ते बरं केलंस". फुलांचा ड्रेस दुसऱ्या दुकानात गेला, रोख साडेचार. फ्रॉकचे १२. कोट पाच दानाला दिले, दोन शेजारच्या बाईंच्या मुलाने नेले, तो सप्टेंबरात शिकागोला शिकायला चाललाय. पैठणीचा धागा घासून बघितला नाही, धीर झाला नाही. हातातल्या बॅगेत घातलीय.
एक प्रश्न राहिला. संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, माझं डेनिमचं जॅकेट कुठंय. काय सांगू?

मितव्ययी_मावशी
तुम्ही विचारलं नव्हतं त्यांना?

चिमणीचं_घर
मला वाटलं त्याला माहीत आहे.

मुद्दे_सूद
सवय आहे तुमची.

नवीन_आयडी_४४
सगळा धागा वाचला नाही. सनीवेलात फ्लॅट रिकामा करताय ना? सोफा आहे का? किती जुना?

चिमणीचं_घर
सोफा गेला. क्वीन गादी आहे. उद्या सहानंतर या, व्यनि (खाजगी निरोप) करा.