गंगाजळी वाढली म्हणून टाळ्या वाजवायच्या?

मानेवाडेकर:
आमच्या नागरी सहकारी बँकेच्या सर्वसाधारण सभेची नोटीस आणि अहवाल आला. पहिल्याच पानावर ठळक अक्षरात ‘राखीव व इतर निधीत भरीव वाढ’. दरवर्षी या वाक्याला टाळ्या पडतात. माझं मत, हा आकडा, म्हणजे बँकेची गंगाजळी, एकटा काहीच सांगत नाही. गंगाजळी म्हणजे तिजोरीत बांधून ठेवलेली थैली नव्हे. न वाटलेला नफा केव्हाच कर्जांत, सरकारी रोख्यांत, शाखेच्या फर्निचरात गेलेला असतो. कर्जं वसूल होत नसतील तर निधीही गेला, तसं लिहायचं तेवढं बाकी असतं.

इतवारीकर:
अर्धंच बोलताय भाऊ. मोठ्या बँकेला भांडवल लागलं की ती शेअर बाजारात जाते. आपली छोटी सहकारी बँक कुठे जाणार? कर्जदाराला सहसा तारणी कर्जावर अडीच टक्के, विनातारणीवर पाच टक्के शेअर घ्यावे लागतात, त्यातूनच तिचं भाग भांडवल उभं राहतं. कर्ज फिटलं की माणूस शेअर परत करायला येतो. टिकतो तो फक्त मागे ठेवलेला नफा. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या चौकटीत १०० कोटींवर ठेवी असलेल्या, अनेक शाखांच्या नागरी बँकांना भांडवल पर्याप्तता (जोखमीच्या कर्जांच्या तुलनेत बँकेचं स्वतःचं भांडवल) १२ टक्क्यांवर न्यायला ३१ मार्च २०२६ ची मुदत दिली होती. नफा आत ठेवल्याशिवाय हे व्हायचं कसं? मी तर अहवाल उघडला की आधी गंगाजळीच बघतो.

सक्करदरा_७:
काहून एवढा उपद्व्याप बाप्पा! २०२० पासून ५ लाखांपर्यंत ठेव विमा आहे. त्याच्या आत ठेवा अन् झोपा.

मानेवाडेकर:
ठेवीला आहे. शेअरला नाही.

ताळेबंद_धरमपेठ:
‘राखीव व इतर निधी’ ही एकच वस्तू आहे असं धरून दोघंही भांडताय. परिशिष्टात त्याची फोड दिलेली असते, ते पान उघडा. वैधानिक राखीव निधी हा खरा मागे ठेवलेला नफा. राज्याच्या सहकार कायद्यानं निव्वळ नफ्यातला किमान चौथा हिस्सा तिथे टाकावाच लागतो. इमारत निधीही नफ्यातूनच येतो. बुडीत व संशयित कर्ज निधी मात्र थकलेल्या कर्जांच्या नावानं आधीच लिहून ठेवलेला पैसा. आणि पुनर्मूल्यांकन निधी तर नफाच नाही. सीताबर्डीतली जुनी इमारत वाढीव भावानं दाखवली की तो फुगतो, कमाई एका रुपयाची नसते. रिझर्व्ह बँकसुद्धा भांडवलात धरताना त्यावर ५५ टक्के कपात लावते. सभेत मात्र पुरता मोजून दाखवतात!

पडताळणी सोपी आहे. मागच्या वर्षअखेरचे निधी घ्या, यंदाचा निव्वळ नफा मिळवा, लाभांश आणि बाकीचं वाटप वजा करा. यंदाच्या निधीच्या आसपास उत्तर यायला हवं. निधी त्याहून बराच वाढला असेल तर वाढ नफ्यातली नाही, कुठली ते विचारा.

आता एनपीए, म्हणजे थकलेली कर्जं. समजा, मार्च २०२४ च्या ताळेबंदात निधी ४० कोटी. त्यात पुनर्मूल्यांकनाचे १० आणि बुडीत कर्ज निधीचे ८. उरले २२. निव्वळ एनपीए १४ कोटी. (तेव्हा निव्वळ आकडा काढताना बुडीत कर्ज निधी वजा झालेलाच असायचा, तो दोनदा मोजू नका. २०२४-२५ पासून रिझर्व्ह बँकेनं ती पद्धत बंद केली.) ही सगळी कर्जं बुडाली तर हाती ८. मी बँक या ८ वर तोलतो.

इतवारीकर:
सगळी कशी बुडतील? घर-दुकान गहाण असतं, वसुली होते.

मानेवाडेकर:
होते, पण एनपीएचा आकडा तरी खरा हवा ना. मुंबईच्या पीएमसी या सहकारी बँकेनं मार्च २०१९ चा ढोबळ एनपीए (काहीच वजा न करता) ३.७६ टक्के दाखवला होता. सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. एचडीआयएल या बांधकाम समूहाची कर्जं २१ हजारांवर खोट्या खात्यांआड दडवलेली निघाली. आणि दूर कशाला जायचं? आपल्या नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेचे दीडशे कोटींच्या आसपास रुपये २००१-०२ मध्ये रोख्यांसाठी दलालांकडे गेले, रोखे आलेच नाहीत. खटल्याचा निकाल डिसेंबर २०२३ मध्ये लागला. गंगाजळीच्या आकड्यावरून हे कोणाला कळणार होतं?

इतवारीकर:
एनपीएच्या आकड्यावरून तरी कुठे कळलं? चोरी पकडायची तर ऑडिट पाहिजे, तो विषय वेगळा. मी सरळमार्गी छोट्या बँकेबद्दल बोलतोय. तिथे दोन वाईट वर्षं पचवते ती गंगाजळीच, आणि त्यासाठी लाभांश कमी करणारं संचालक मंडळ मला जास्त भरवशाचं वाटतं.

महालचा_सभासद:
मला नाही वाटत. शंभराचा शेअर सोडताना शंभरच मिळतात, निधी कितीही वाढो. त्यात कायद्यानं लाभांशाला १५ टक्क्यांची मर्यादा. मग आहे तेवढाही लाभांश मी काहून सोडू?

ताळेबंद_धरमपेठ:
ठेवीवर बँक व्याज मोजते, या निधीवर नाही. बिनव्याजी पैसा जितका जास्त, तितकं कर्ज स्वस्तात देणं परवडतं. सभासदाचा फायदा तिथे.

महालचा_सभासद:
स्वस्तात? माझं दुकानाचं कर्ज सरकारी बँकेपेक्षा महाग आहे!

ताळेबंद_धरमपेठ:
मग हेच लेखी विचारा. प्रश्न पाठवायची शेवटची तारीख नोटिशीतच असते, बहुतेक सभेच्या आठवडाभर आधीची.