बांधाला इंग्रजीत काय म्हणायचं?

खडूफळा: माणदेशात दोनशिक्षकी शाळेवर आहे. पुस्तकातला अंकलचा बंगला पोरांच्या डोक्यात शिरत नाही, म्हणून हल्ली इंग्रजीला विषय घरचेच देतो : बेंदूर, जत्रा, शेरडं. पाचवीला 'माझं शेत' दिलं. एका पोरीनं लिहिलं, 'माय आज्जी सिट्स ऑन द बंड.' तपासणीला आलेल्या साहेबांनी 'बंड'वर लाल फुली मारून वर 'डॅम' लिहिलं. म्हणजे आता आज्जी धरणावर शेरडं राखतेय. पोरगी म्हणते, कृषी सहायक आमच्या रानात येऊन 'कंपार्टमेंट बंडिंग' म्हणतात ते? खरं कुणाचं?

तिरपा डोळा: पोरीचं. बी-यू-एन-डी, इंग्रजी कोशात आहे. फारसी 'बंद' हिंदुस्तानीतून तिकडे गेला. शांघायचा नदीकाठचा 'द बंड' म्हणतात तो हाच.

शुद्धमती: पण मराठीत बंड म्हणजे उठाव! मुलांचा गोंधळ होणारच. आणि 'बंडिंग' कशाला? बांधबंदिस्ती हा आपला सुंदर शब्द आहे.

तिरपा डोळा: त्या बंदिस्तीतला 'बंद' फारसीच आहे हो ताई.

शुद्धमती: शिवकाळापासून मुरलाय तो. कालपरवाच्या बंडिंगशी बरोबरी नको. २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हापासून पोरांना धड एकही भाषा येत नाही.

वऱ्हाडी ठेचा: आमच्याकडे बांध नाही, धुरा. धुऱ्यावरून तीन पिढ्या कोर्टात गेल्या. त्याला इंग्रजीत काय म्हणता सांगा.

मेरेवरला: कोकणात मेर. भात लावायच्या आधी चिखलानं लिंपायची, नाहीतर खेकडे भोकं पाडतात आणि पाणी रातोरात खालच्या कुणग्यात. बांध आमच्याकडे ओहोळावर घालतात, पाणी अडवायला. त्या हिशेबानं साहेब अगदीच चुकलेले नाहीत.

खडूफळा: पण आज्जी ओहोळावर नाही, बाभळीखाली बसलीय!

गप्पिष्ट: बाइंड, बँड, बॉन्ड, सगळे 'बन्ध'चे चुलतभाऊ. हसबंडसुद्धा. घराला बांधलेला तो हसबंड.

तिरपा डोळा: पहिले तीन मान्य. हसबंड नाही, तो जुन्या नॉर्समधला घरधनी. बांधलेला वगैरे तुमचा अनुभव असेल.

गप्पिष्ट: बायकोला वाचून दाखवलं. तिला माझीच व्युत्पत्ती पटली.

शुद्धमती: आणि 'आज्जी' इंग्रजी वाक्यात चालवून घेता? ग्रँडमदर शिकवा की.

खडूफळा: ग्रँडमदर म्हटलं की पोरं पुस्तकातली चष्मेवाली बाई काढतात. आज्जी म्हटलं की डोक्यावर पदर, हातात काठी. मुंगसाचं 'माँगूस' झालं तेव्हा कुणी फुली मारली होती?

शुद्धमती: ते साहेबांनी बोलावून नेलेले शब्द. पाचवीतल्या मुलीचं उत्तर तपासणारा वेगळा. परीक्षेत मार्क गेले तर देणार कोण?

वऱ्हाडी ठेचा: धुऱ्याचं राहिलंच. दरसाल नांगरताना बाजूवाला वीतभर धुरा आपल्यात घेतो, त्याला?

तिरपा डोळा: एन्क्रोचमेंट.

वऱ्हाडी ठेचा: त्यात नांगर कुठे आहे?

खडूफळा: आमच्याकडे त्याला बांध कोरणं म्हणतात. आज त्याच पोरीला पुढचं वाक्य लिहायला सांगितलं. लिहिलं, 'माय चुलता ईट्स द बंड एव्हरी इयर.' स्पेलिंग सगळी बरोबर. मार्क किती देऊ?

मेरेवरला: आमच्याकडे खेकडे खातात.