नशा सोडलेल्या सोळा वर्षांच्या मुलासाठी त्याच्याच वयाच्या मुलांचा आधारगट कुठे आहे का?

आमचा धाकटा अकरावीत आहे. आठवीत व्हाइटनर हुंगायचा, मग पंक्चरचं सोल्युशन. खिशातले कडक झालेले रुमाल मी भिजत घालायची आणि म्हणायची, प्रोजेक्टचा गोंद असेल. असो. उपचार झाले, आज ९४ दिवस क्लीन आहे. आकडा त्याने सांगितला, मी मोजत नाही असं दाखवते.

व्यसनमुक्ती केंद्रातून निघताना बजावलं होतं, मीटिंग सोडू नका. आमच्या तालुक्याला एनए (नार्कोटिक्स अॅनॉनिमस, ड्रग्ज सोडणाऱ्यांचा गट) नाही, एएची (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) ओपन मीटिंग आहे, कुणीही बसू शकतं अशी, रविवारी. माणसं खरंच देवासारखी. पण सगळी चाळिशीपुढची. नोकरी गेली, लिव्हर गेलं, बायको माहेरी गेली, असं शेअरिंग. एकदा परत येताना म्हणाला, "आई, त्यांचं सगळं जाऊन झालंय. माझं अजून काही आलेलंच नाही." हल्ली तो नुसता चहा वाटून येतो.

एम्सच्या २०१९च्या राष्ट्रीय अहवालात हुंगायची नशा ही एकच अशी आहे की मुलांत मोठ्यांपेक्षा जास्त: १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८. मग ही पोरं बसतात कुठे?

अलाटीन कुणीतरी सुचवलं होतं, पण ते घरात पिणारं कुणी असेल त्या मुलांसाठी. नशामुक्तीच्या सरकारी योजनेतल्या सीपीएलआय (समवयस्कांनी चालवायच्या) केंद्रांत मुलंच मुलांशी बोलतात म्हणे, पण भर प्रतिबंधावर दिसतो. उपचार घेऊन आलेल्या मुलाला तिथे घेतलं, असा कुणाचा अनुभव?

मनात भीतीही आहे. दहा पोरं जमली की माल कुठे मिळतो हेच शिकून यायचा. म्हणून ज्यांची मुलं अशा गटात जातात त्यांना विचारते: सोबत कोण बसतं? दोन-तीन वर्षं क्लीन असलेला एखादा दादा, की समुपदेशक? फोन नंबर एकमेकांना देऊ देतात का? पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी नवऱ्यांच्या बायकांचा 'सहचरी' गट आहे, तसं आईबापांना वेगळं बसवतात का?

आम्ही नगरकडचे. आठवड्यातून एकदा पुणे किंवा नाशिक एसटीने जमेल. ऑनलाइन मीटिंग सुचवाल, पण स्मार्टफोन सध्या काढून घेतलाय, जुने 'मित्र' त्यातच होते. माझ्या फोनवर, माझ्यासमोर बसून तो काय बोलणार!

खेळात गुंतवा, देवाला न्या, हे करून झालंय. नावगाव उघड करायचं नसेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.