ड्युशेन आणि वरून जीबीएस : घरी श्वासावर लक्ष ठेवायला एकच वस्तू घ्यायची तर कोणती?

सायली_आई :
मुलाला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू अशक्त करणारा आजार) आहे, व्हीलचेअरवर असतो. फ्लू होऊन गेला आणि दोनेक आठवड्यांनी पायांना मुंग्या यायला लागल्या. पाठोपाठ हातांत होता तो जोरही गेला, खुर्चीची जॉयस्टिक ढकलवेना. सगळे म्हणत होते, आजार पुढे सरकलाय. न्यूरोलॉजिस्टनी नर्व्ह कंडक्शन टेस्ट (नसांची तपासणी) करायला लावली आणि निघालं गियाँ-बारे, म्हणजे जीबीएस; यात शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर हल्ला करते. ५ दिवस आयव्हीआयजी (शिरेतून अँटीबॉडी) दिलं, आता बोटं हलतात. लवकरच घरी सोडतील. रात्रीचं बायपॅप (मास्कमधून हवा देऊन श्वासाला आधार देणारं मशीन) आधीपासून आहे. पैसे सगळे उपचारांत गेलेत, त्यामुळे एकच वस्तू, तीही स्वस्तातली. काय घेऊ?

गारवा :
पल्स ऑक्सिमीटर! आम्ही बाबांसाठी घेतलेला अजून उत्तम चालतो. बोटाला लावला की झालं.

झुंजारबाबा :
त्याच्यावर विसंबू नका. माझ्याही मुलाला ड्युशेन आहे. छातीचे स्नायू थकले की कार्बन डायऑक्साइड साठत जातो, ऑक्सिजनचा आकडा बऱ्याचदा उशिरा पडतो. आणि पडला तरी नुसता ऑक्सिजन लावून भागत नाही, आधी श्वासाला बायपॅपचा आधार लागतो. कफ असिस्टच (खोकायला मदत करून कफ बाहेर काढणारं मशीन) घ्या. आम्ही कर्ज काढून घेतलं, तेव्हापासून न्यूमोनियासाठी एकदाही ॲडमिट करावं लागलं नाही.

पाणपोई :
बाबा, त्यांनी स्वस्तातली विचारलीय. बाकी माझ्या भावाला जीबीएस झाला होता. त्यात स्टिरॉइडचा काडीचा उपयोग नाही. मुलाला चालू असतील तर बंद करा.

झुंजारबाबा :
असं कृपा करून लिहू नका! जीबीएसवर उपयोग नाही हे खरं, पण ड्युशेनची स्टिरॉइड वेगळ्या कारणासाठी असतात. रोज घेणाऱ्याची एकदम थांबवली तर जिवावर बेतू शकतं. उलट आजारपणात डॉक्टर डोस वाढवतात.

अनुजा_फिजिओ :
झुंजारबाबांशी सहमत. सायलीताई, एक बिनखर्चाची गोष्ट सांगते. पूर्ण श्वास घ्यायला लावा आणि एका दमात मोठ्यानं आकडे मोजू दे. कुठवर पोचतो ते लिहा. रोज त्याच वेळी, त्याच स्थितीत बसवून. इतरांशी तुलना नको, त्याचाच कालचा आकडा बघायचा. उपचारानंतर पहिल्या दोनेक महिन्यांत काही जणांचा जोर पुन्हा जातो, आणि स्नायू मुळातच अशक्त असले की ते चटकन लक्षात येत नाही. मुंग्या परत आल्या तर ड्युशेनच्या माथी मारू नका, स्नायूंच्या आजारात मुंग्या येत नाहीत. मोजणी घसरली, आवाज बारीक झाला, पाणी पिताना ठसका लागला, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.
आणि फाइलवर ठळक लिहून घ्या : भूल देताना सक्सिनिलकोलीन (स्नायू सैल करणारं औषध) नको. ड्युशेन आणि जीबीएस, दोन्हींत त्यानं पोटॅशियम एकदम वाढून हृदय थांबू शकतं.

गारवा :
मीही तेच म्हणतेय, रोजचा आकडा लिहा. ऑक्सिमीटरचा.

रानवाट :
थोडं अवांतर. भाच्याला व्हायरल ताप आला तेव्हा रक्तातलं एसजीपीटी (यकृतासाठी बघतात तो आकडा) वाढलेलं बघून कावीळ ठरवली आणि बिचाऱ्याला उगाच पथ्यावर ठेवलं. ड्युशेनमध्ये ते स्नायूंमुळे कायमच वाढलेलं असतं! यकृताची शंका असेल तर जीजीटी (यकृताचीच रक्ततपासणी, पण स्नायूंमुळे न वाढणारी) करायला सांगा. अजून संताप होतो.

सायली_आई :
सगळ्यांचे मनापासून आभार. स्टिरॉइड चालूच आहेत, डॉक्टरांनी डोसही लिहून दिलाय. मोजणी कालपासून सुरू केली. सक्सिनिलकोलीनचं फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेननं लिहिलं.
वस्तू मात्र यांतली कुठलीच घेतली नाही. वायरलेस बेल घेतली. मास्क लावला की त्याची हाक शेजारच्या खोलीत पोचत नाही, आणि साधं बटण त्याला दाबवत नाही. हे तळहाताएवढं आहे, नुसता अंगठा टेकला तरी वाजतं. गादीला पट्टीनं बांधणार आहे, म्हणजे कूस बदलली तरी सरकायचं नाही. गुदमरायला लागलं तर त्याला आम्हाला उठवता आलं पाहिजे, माझ्या लेखी ते आधी.

झुंजारबाबा :
बेल छान. तरी कफ असिस्ट भाड्यानं मिळतं का ते विचाराच. पुढची सर्दी व्हायच्या आत.