शनिवारी रात्रीच्या व्हिडिओवरून: घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर

धाकटे काका, वडगाव (सकाळी ७.५२): मनूचा मेसेज बघितला काय सगळ्यांनी? दगडफेकीचा तो व्हिडिओ बघून रात्री १.४० ला टाकलाय. "आत्या बेळगावला येऊ नका, इथं महाराष्ट्राच्या गाड्या फोडायलेत." पोर रात्री दीड-दोनपर्यंत जागी असते म्हणजे काय?

आत्या, कोल्हापूर: मी तर उठल्या उठल्या तिकीट रद्द केलं की. भाजणीचा डबा पिशवीत भरून तयार होता.

मनूची आई: आठ दिवस असंच चाललंय. दुसरं पीयूसी सायन्स, म्हणजे बारावी, सकाळी सातला ट्यूशन, आणि रात्री पांघरुणात मोबाईल. विचारलं तर म्हणते, बाहेर काय चाललंय ते कळायला नको?

धाकटे काका: मोबाईल काढून घ्या वहिनी. मार्चपर्यंत राजकारण बंद.

थोरले काका, खानापूर: बंद कसं करणार रे? घराबाहेर पडलं की दुकानाच्या पाटीवर राजकारण. १ नोव्हेंबरला एका गल्लीत कर्नाटकचा राज्योत्सव, दुसऱ्या गल्लीत मराठी लोकांचा काळा दिन. इथल्या पोरांना ते कळायलाच पाहिजे. आम्हाला कोण विचारून शिकवलं होतं?

थोरली काकू: तोच व्हिडिओ गोकाकला माझ्या माहेरच्या ग्रुपवर पण आलाय. तिथं खाली कन्नडात लिहिलंय, कोल्हापुरात आपल्या गाड्या फोडल्या. ट्रक तोच, दगड तेच. तिथं माझा भाचा पण जागाच होता रात्री.

आत्या: अगं बाई!

मनू (८.३५): आत्या, चुकलं माझं. सकाळी परत नीट बघितला. रस्ता कोरडा खडखडीत आहे आणि दोघा-तिघांच्या अंगात स्वेटर. इथं पंधरा दिवस झाले पाऊस थांबला नाही. शोधल्यावर सापडलं, हिरेबागेवाडी टोलनाक्याचा आहे, डिसेंबर २०२२ चा. पण काका, मला तो इन्स्टावर नाही मिळाला. ह्याच ग्रुपवर मिळाला, ११.१० ला. तुम्ही टाकला होता.

धाकटे काका (९.०४): मला पण कुणीतरी पाठवलेला.

थोरली काकू: व्हिडिओच्या वर फॉरवर्डचे दोन बाण होते बघा भावोजी. म्हणजे निदान पाच हातांतून फिरून आलेला. तसला मेसेज एका वेळी एकालाच पाठवता येतो. तुम्ही तीन ग्रुपवर टाकलाय, म्हणजे तीनदा कष्ट घेतलेत.

मनूची आई: 😀

मनू: मला बातमी वाईट आहे म्हणून त्रास होत नाही. एकच बातमी दहा जण दहा वेळा टाकतात आणि दर वेळी वाटतं परत काहीतरी झालं. फोन ठेवला की वाटतं, ठेवला आणि तेवढ्यात कायतरी झालं तर?

आजोबा: मनू, मोठं लिहितोय, चष्मा लावून वाच. सीमाप्रश्नावरचा महाजन अहवाल आला तेव्हा, १९६७ साली, मी तुझ्याएवढाच होतो, सतरा वर्षांचा. गल्लीत पेपर दोन यायचे. तालमीच्या कट्ट्यावर एकानं मोठ्यानं वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचं. २६४ गावं महाराष्ट्राला, २४७ इकडं, आणि बेळगाव इथंच. कोण रडलं, कोण शिव्या घातल्या. मग पेपर घडी घालून परत दुकानात. दुसऱ्या दिवशीच्या पेपरपर्यंत नवीन काही कळायची सोयच नव्हती. तेवढ्या वेळात आम्ही भांडायचो, जेवायचो, झोपायचो. १९८६ ला कन्नड सक्तीच्या आंदोलनात मात्र मी पण रात्री जागलोय. पण तेव्हा गोळीबार खरंच झाला होता, हिंडलग्याचं स्मारक त्याचंच. सुप्रीम कोर्टातला सीमाप्रश्नाचा दावा २००४ चा आहे, तू जन्मायच्या आधीचा. त्याचा निकाल रात्री दीडला लागायचा नाही गे.

मनू: आजोबा, पण पेपर पण एकाच बाजूचा असतो की.

आजोबा: असतो. म्हणून कट्ट्यावर भांडण असायचं.

थोरली काकू: मग आमच्याकडचा कन्नड पेपर पण बघ. रविवारी खानापूरला येतेस तेव्हा दोन्ही समोर ठेवू. अडलं तर मी सांगते.

मनू: वाचता येतं काकू, दहावीला कन्नडला ९१ होते. अग्रलेख तेवढा जड जातो.

थोरले काका: आणि सप्टेंबरात अठरा पूर्ण होतात ना तिला? मतदार यादीचा फॉर्म ६ आत्ताच भरून टाका. सतरा झाल्यावर आधीच अर्ज घेतात. ज्या १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै नाहीतर १ ऑक्टोबरला अठरा पूर्ण असतील त्या तारखेचं नाव लागतं. हिचं १ ऑक्टोबरला. जन्मदाखला कपाटात असेल, लॅमिनेशन केलेला.

मनू: ते आजच करते. 👍

धाकटे काका: बरं, रात्री नऊनंतर ग्रुपवर फॉरवर्ड कुणी टाकायचे नाहीत.

आत्या: कुणी म्हणजे तूच. मी उद्या सकाळच्या बसनं निघते. स्टँडवर छत्री घेऊन या कुणीतरी.

आजोबा: मनू, खाली ये. पेपर भिजून आलाय, तिसरं पान आई इस्त्रीनं वाळवायलीय. पहिलं आपण वाचूया तोवर.